भिंतीची जागा

"आई, तू भिंतीत बसली आहेस," आमचे हे म्हणाले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उठल्या नाहीत. भर माळावर, पांढऱ्या फक्कीच्या रेघेवर त्यांनी आपली सुतळीची बाज आडवी टाकायला लावली होती आणि तिच्यावर मांडी घालून त्या बसल्या होत्या. बाजेची उशाकडची बाजू आमच्या माजघरात होती आणि पायथ्याकडची थोरल्या भावजींच्या.

"आई, भिंत आहे तिथं. माणूस भिंतीत बसत नाही."

"मला तर काय लागंना भिंत," आत्याबाई म्हणाल्या आणि कमरेची चंची सोडून पान काढायला लागल्या.

यांनी शिट्टी वाजवली.

ही शिट्टी आधी सांगायला हवी. आमचे हे, म्हणजे दिनकर पिसाळ, विट्याच्या एका शाळेत खेळ शिकवायचे. गळ्यात काळ्या दोरीत शिट्टी अडकवूनच ते आंघोळीला जातात असं आमच्या जाऊबाई म्हणायच्या, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. मैदान आखण्यात मात्र त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. दोरी ताणायची, भोकाच्या डब्यात फक्की घेऊन तो हलवत चालत जायचं, की मागं सुतासारखी सरळ पांढरी रेघ. त्यामुळे घर बांधायचं ठरल्यावर कुणी इंजिनियरचं नाव काढलं की त्यांना तो आपला अपमान वाटे.

"जन्मभर मैदानं आखतोय मी," ते म्हणायचे. "घर म्हणजे तरी काय? मैदानावर छप्पर."

घर दोघा भावांचं होतं. थोरले हणमंत भावजी पिठाची गिरणी चालवायचे. पट्ट्याच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा चार घरं पलीकडे ऐकू जायचं. आमच्या ह्यांना शिस्त आणि शांतता लागायची. गावातल्या जुन्या घरात दोघांचं पटेनासं झालं, बोलणं बंद पडलं, आणि मग निरोपाचं काम आम्हा दोघी जावांवर आलं. भांडण कशावरून झालं ते पुढे दोघांनाही आठवेना, पण एकदा झालेलं भांडण नुसतं आठवत नाही म्हणून कोण सोडून देतो. शेवटी चार माणसांनी मध्ये पडून ठरवलं की कालव्याकडेच्या माळावर जोडघर बांधायचं. मध्ये एक भिंत, इकडे हे, तिकडे ते.

यांनी आराखडा केला तो कबड्डीच्या मैदानावरून. मध्यरेषा मारली, की इकडे जे तेच तिकडे. इकडे चूल, तिकडे चूल. इकडे न्हाणी, तिकडे न्हाणी. कुणाला कमीजास्त म्हणायला जागाच ठेवली नाही.

वाटणीत सगळं बसलं, आत्याबाई तेवढ्या बसेनात. माणूस एकच, घरं दोन. मग ठरलं, पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत थोरल्याकडे आणि दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत धाकट्याकडे. हे ठरत होतं तेव्हा आत्याबाई तिथंच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. माझ्या माहेरी माझी आजी अशीच तीन मुलांत वाटलेली होती. तिचं गाठोडं शेवटपर्यंत कुठल्याच घरात सुटलं नाही. आज ना उद्या पुन्हा बांधायचंच आहे म्हणून ती ते बांधलेलंच ठेवायची. आत्याबाईंचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. पण मी धाकटी सून, आणि आराखडा शिट्टीवाल्याचा.

पाया खणायचा मुहूर्त सोमवारचा होता. आदल्या शनिवारी यांनी माळावर दोन्ही घरं फक्कीने पूर्ण मापात आखली आणि घरी येऊन जाहीर केलं, "उद्या सराव."

"कसला?" मी विचारलं.

"राहायचा. सामन्याआधी सराव लागतो. उद्या दिवसभर सगळ्यांनी नव्या घरात राहायचं. स्वयंपाक तिथं, जेवण तिथं, दुपारची झोप तिथं. काही चुकलं असेल तर आत्ताच कळेल. एकदा दगड बसला की मग बोंबलून उपयोग नाही."

"अहो, पण तिथं घर कुठाय?"

"आखलंय की," ते म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही भांडीकुंडी घेऊन माळावर गेलो. फक्कीच्या रेघा म्हणजे भिंती, आणि रेघ जिथे तुटली होती तिथे दार. दारापाशी आल्यावर यांनी चपला काढल्या आणि उजवा पाय पुढे टाकून आत गेले. मीही गेले. आत म्हणजे काय, तेच ऊन, तेच कुसळ, तोच कालव्यावरून येणारा वारा. पण का कोण जाणे, मी पदर सावरला.

पलीकडे भावजी आणि यमुनाक्का त्यांच्या घरात शिरले. यमुनाक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. बाई कामाची आणि सरळ, फक्त बोलायची कमी. माझी चूल आणि त्यांची चूल मध्यरेषेच्या दोन अंगांना, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर होत्या. आम्ही तीन तीन दगड मांडले, काटक्या लावल्या. पिठलं टाकायला घेतलं तेव्हा लक्षात आलं, मी मीठ विसरले.

"अक्का, मीठ असेल का हो जरा?"

अक्कांनी डबा उघडला, मुठीत मीठ घेतलं आणि हात पुढे केला. माळावर शिट्टी घुमली.

"वहिनी, भिंत आहे ती," हे न्हाणीतून ओरडले. "भिंतीतून हात कसा जाईल?"

अक्का मूठ मिटून उठल्या, आपल्या दारातून बाहेर पडल्या, चपला घातल्या, बाभळीला वळसा घालून रस्त्याने आमच्या दाराशी आल्या, चपला काढल्या, सोपा ओलांडून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात आल्या आणि मीठ माझ्या हातावर ठेवलं. घामाने निम्मं ओलं झालं होतं.

"घर मोठं आहे तुझं," त्या म्हणाल्या आणि आल्या तशा वळसा घालून गेल्या.

हे न्हाणीत काय करत होते, तर आंघोळीचा सराव. सदरा, पायजमा सगळं अंगावर तसंच. उगीच हात मागे नेऊन पाठ चोळत होते, कोपर कुठे आपटतंय का ते बघत होते. अक्का चुलीपाशी परत आल्या, समोर हे न्हाणीत उभे दिसले, तशा त्या झटकन पाठमोऱ्या झाल्या आणि त्यांनी पदर पुढे ओढला. भाकरी करपली तरी वळल्या नाहीत.

भावजींना सरावाचा वेगळाच फायदा कळला. ह्यांनी पलीकडून विचारलं, "दादा, तुमच्या चुलीचा धूर इकडं येतोय. चुलीची जागा बदलायची का?" इतक्या दिवसांनी सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य असेल. भावजी हाताच्या अंतरावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दादा, ऐकू येतंय का?"

"न्हाई," भावजी गरजले. "मधी भिंत हाय."

नियम ह्यांचाच होता.

कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी सायकलवरून चालला होता. तो थांबला, बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "मास्तर, काय चाललंय?"

"घरात आहे," हे म्हणाले. "या की, चहा घ्या."

पाटकऱ्याने सायकल बाभळीला टेकवली. मला वाटलं आता हा हसणार. पण भल्या माणसाने दाराच्या फटीपाशी येऊन चपला काढल्या, वाकून आत आला आणि सोप्यात बसला. चहा प्यायला. चारी बाजूंना नीट बघितलं आणि जाताना म्हणाला, "उजेड बाकी झकास आहे घरात." हे दिवसभर त्या एका वाक्यावर खूष होते.

दुपार व्हायला आली आणि रस्त्याने आत्याबाई येताना दिसल्या. काखेत गाठोडं, आणि पुढे ईश्वरा गवंडी डोक्यावर त्यांची बाज घेऊन. ईश्वरा हा असा माणूस, की त्याला काहीही सांगा, तो "होतंय की" म्हणायचा. विहिरीवर मजला चढव म्हटलं असतं तरी त्याने होतंय की म्हटलं असतं. त्यामुळे त्याचं आणि ह्यांचं उत्तम जमायचं.

"दुपारचं निजायचं हाय न्हवं हितं," आत्याबाई म्हणाल्या. "बाज कुठं टाकू?"

पाडवा तोंडावर आला होता, म्हणून पहिला मान थोरल्या घराचा. ईश्वरा सरळ निघाला तर शिट्टी.

"दारातनं. ती भिंत आहे."

ईश्वरा दाराकडे वळला. हे मध्ये उभे राहिले. "अशी नाही जाणार. दार अडीच फुटाचं आहे. कलती करा."

ईश्वराने बाज खाली घेतली, उभी केली, कलती केली. चारी दिशांना गावाएवढा मोकळा माळ, आणि त्या दोन रेघांच्या फटीतून तो बाज घुसवत होता, "जरा डावीकडं घ्या, खूर अडकतुया" म्हणत होता. भावजींनी पलीकडून ओढली. भिंतीला लागू नये म्हणून अक्का हात मध्ये धरून उभ्या राहिल्या. बाज आत आली तेव्हा सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास टाकला.

"सोप्यात ठेव," आत्याबाई म्हणाल्या.

"सोप्यात गहू-ज्वारीची पोती यायची हायती," भावजी म्हणाले.

"मग माजघरात."

"तिथं आम्ही निजणार."

"माझ्या चुलीशेजारी टाका," अक्का हळूच म्हणाल्या.

"आन् परड्याकडचं दार कसं उघडायचं?" भावजी म्हणाले. "आई, सहाच महिन्याचा तर प्रश्न हाय. कुठंबी निभंल. तवर दिन्याकडं बघ."

बाज पुन्हा कलती झाली, दारातून बाहेर आली, बाभळीला वळसा घालून आमच्या दाराशी आली. मागून गाठोडं घेऊन आत्याबाई. आमच्या घरात सोप्यात ह्यांचा टेबल येणार होता, कारण मुलांच्या पालकांना बसवायचं. माजघरात बाज टाकली तर कपाट उघडत नव्हतं. बोळातून जायला वाट राहत नव्हती. मागच्या अंगाला एक खोली होती, चांगली ऐसपैस. आत्याबाई तिच्या दारात थांबल्या.

"ही कशाची?"

"खेळाच्या सामानाची," हे म्हणाले. "गोळे, थाळ्या, भाले, लेझीम. सगळं नीट राहायला पाहिजे."

"अहो, ते शाळेत ठेवा की," मी म्हणाले.

"शाळेत वाळवी आहे." मग आईकडे वळून ते म्हणाले, "आई, दसऱ्याला बघू. सहाच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

हे वाक्य दोन्ही घरांत अगदी सारखं निघालं. आराखडाच तसा होता.

आत्याबाई त्या खोलीकडे बघत राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"गोळ्याला खोली हाय," त्या म्हणाल्या.

हे काहीतरी बोलणार होते, पण त्या ऐकायला थांबल्या नाहीत. माझ्या स्वयंपाकघरातून सरळ माजघरात चालत गेल्या, मध्यरेषेवर उभ्या राहिल्या आणि गाठोडं खाली टाकलं. "ईश्वरा, ठेव हितं."

"होतंय की," ईश्वरा म्हणाला, आणि त्याने बाज ठेवली. रेषेवर आडवी, निम्मी आमच्यात आणि निम्मी त्यांच्यात. तेव्हा ते भिंतीत बसण्याचं बोलणं झालं, आणि ती शिट्टी वाजली.

आत्याबाईंनी पान लावलं, तोंडात टाकलं आणि हात पुढे केला.

"दे हिकडं."

"काय?"

"शिट्टी."

अख्खी शाळा ज्यांना बघून रांगेत उभी राहायची, त्या माणसाने मान खाली घालून दोरी गळ्यातून काढली आणि आईच्या हातावर ठेवली. आत्याबाईंनी ती आपल्या गळ्यात घातली, मण्यांच्या पोतीच्या शेजारी.

"आता सांग. ईश्वरा, ही भिंत किती रुंदीची घालणार तू?"

"दगडाची म्हटल्यावर दीड फूट तर पायजेच," ईश्वरा म्हणाला.

ह्यांनी मान वर केली. मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून मला ते दिसलं. ते आपल्या पांढऱ्या रेघेकडे बघत होते. ती होती दोन बोटं रुंद. सगळ्या खोल्यांची मापं त्यांनी रेघेपासून रेघेपर्यंत धरली होती, जशी मैदानाची धरतात. मैदानावरच्या रेघेला कुठे जाडी असते. दोन्ही घरांतल्या एकाही भिंतीला आराखड्यात जागा नव्हती.

भावजींच्याही ते ध्यानात आलं. "दीड फूट? आन् ते कुणाच्या घरातनं जाणार?"

"मध्यरेषा मध्येच असते, दादा. पाऊण तुमच्यातून, पाऊण माझ्यातून."

"माझ्यातनं का? भिंत तुला पायजे हुती."

"मला? ओरडतं कोण?"

"मी वरडत न्हाई," भावजी ओरडले. कालव्याच्या पलीकडे भांगलण करणाऱ्या बाया खुरपी खाली ठेवून उभ्या राहिल्या. "तुझ्या त्या गोळ्याच्या खोलीतनं घे की दीड फूट."

"ती खोली मागे आहे. भिंत मध्ये आहे."

"मंग तुझ्या न्हाणीतनं घे."

"न्हाणीत मला कोपर हलवायला जागा राहणार नाही."

इतक्या महिन्यांनी भाऊ एकमेकांशी बोलत होते ते हे. आत्याबाईंच्या डोक्यावरून दीड फूट इकडून तिकडे जात होता. एकाला नको, दुसऱ्यालाही नको. आत्याबाई पान चघळत दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या. मग त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. आवाज नीट निघाला नाही, थुंकी जास्त निघाली. पण दोघेही गप्प झाले.

"हणमंता, ह्या दीड फुटात तू राहणार हाईस?"

"न्हाई."

"दिन्या, तू?"

"नाही, आई. तिथं..."

"कुणाचा न्हाई न्हवं?"

दोघांनी माना हलवल्या.

"मंग त्यो माझा," आत्याबाई म्हणाल्या. "मला सहा महिनं हिकडं आन् सहा महिनं तिकडं नगं. मी हितंच राहणार. बारा महिनं."

"आई, पण तिथं भिंत असते," हे जवळजवळ काकुळतीला आले होते.

"असू दे की भिंत. माझ्याएवढी सोडून घाल."

हे ईश्वराकडे वळले. हा एकदा तरी नाही म्हणेल असं त्यांना वाटलं असावं.

"होतंय की," ईश्वरा म्हणाला.

भावजी बाजेभोवती एक चक्कर मारून आले. रेषा ओलांडून आमच्या घरात शिरले, तिकडून पुन्हा आपल्या घरात गेले. शिट्टी वाजली नाही. शेवटी त्यांच्या तोंडून निघालं, "पर डोकं कुणाकडं?"

"म्हणजे?" हे म्हणाले.

"बाज आडवी. एकाच्या घरात डोकं येणार, एकाच्या घरात पाय. मी थोरला हाय. डोकं माझ्याकडं पायजे."

"वा. म्हणजे जन्मभर मी आईचे पाय बघायचे?"

"पायाच पडायचं असतंय आईच्या. बरं हाय की तुला."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. मीही लावला. आत्याबाईंनी दोघांकडे बघितलं.

"ज्याच्यावर रागवीन, त्याच्याकडं पाय करीन," त्या म्हणाल्या. "आता जेवायला वाढा. ऊन उतराय लागलंय."

आम्ही वाढायला घेतलं. अक्कांच्या भाकऱ्या करपलेल्या, माझं पिठलं पातळ. बसल्यावर पुन्हा मिठाचं निघालं. सकाळी ओल्या मुठीतनं आलेलं पुरं पडलं नव्हतं. मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी डबा उचलला आणि सवयीने दाराकडे निघाल्या.

"कुठं निघालीस?" आत्याबाई म्हणाल्या. "दे हिकडं."

त्यांनी अक्कांच्या हातातून डबा घेतला आणि माझ्या हातात दिला. ह्यांचा हात गळ्याकडे गेला, तिथे काही सापडलं नाही, आणि तो तसाच खाली येऊन भाकरीवर पडला.

सोमवारी पाया खणला. गावाने नावं ठेवायची ती ठेवली, पण घर तसंच झालं. मधल्या भिंतीत बाजेएवढी रुंद आणि माणूस ताठ बसेल एवढी उंच जागा ईश्वराने सोडली, वर दगडाची कमान केली. भिंतीच्या जाडीने सगळ्या खोल्या आखडल्या. ह्यांना न्हाणीत खरंच कोपर हलवता येईना आणि गोळ्यांची खोली एवढीशी झाली, की भाले शेवटी शाळेत वाळवीकडेच गेले.

आत्याबाई त्या भिंतीत राहिल्या. गाठोडं त्यांनी पहिल्याच दिवशी सोडलं आणि कमानीतल्या खुंटीवर लुगडी टांगली. शिट्टी त्यांनी परत दिली नाही. एकदा वाजली की चहा आमच्याकडचा, दोनदा वाजली की अक्कांकडचा. सकाळी उठलं की दोन्ही घरं आधी बघायची, आज पाय कुणाकडे. पाय आमच्याकडे दिसले की ह्यांचा चेहरा उतरायचा, शाळेत पोरांना उगीच पळायला लावायचे. डोकं आपल्याकडे आलं की भावजी कुजबुजत सांगायचे, म्हणजे कालव्यापलीकडे कळायचं. भावांचं बोलणं त्या बाजेवरूनच सुरू झालं. वळसा घालून एकमेकांच्या घरी ते कधी गेले नाहीत, पण संध्याकाळी आईच्या दोन अंगांना दोघे बसायचे, आपापल्या घरात.

आत्याबाई गेल्या त्या बाजेवरच, दुपारच्या झोपेत. मी चहाचं विचारायला गेले आणि अक्का पलीकडून आल्या, एकाच वेळी. शेवटी शेवटी त्या फार लहान झाल्या होत्या. पाय पोटाशी घेऊन कुशीवर निजल्या होत्या, बरोबर कमानीखाली, त्या दीड फुटात मावतील अशा. डोकं कुणाकडे नव्हतं आणि पायही कुणाकडे नव्हते. अक्कांनी आणि मी बाजेवरून एकमेकींचे हात धरले आणि रडलो.

दिवस झाले, रिवाजाप्रमाणे बाज देऊन टाकली, आणि भिंतीत नुसतं भगदाड राहिलं. इतकी वर्षं ज्या जागेतून मिठापासून लेकरापर्यंत सगळं इकडचं तिकडे झालं, तिथून आता कुणी पाय टाकेना. बाज होती तोवर ती आत्याबाईंची जागा होती. आता ते दुसऱ्याच्या घरात उघडणारं भोक होतं. भावजी म्हणाले, बुजवून घेऊ. हे म्हणाले, घेऊ. दोघांनाही घ्यायचं नव्हतं हे मला दिसत होतं, पण आधी नाही कोण म्हणणार. विटा आल्या, कमानीखाली रचल्या. म्हाताऱ्या ईश्वराने होतंय की म्हटलं आणि सोमवार सांगितला.

रविवारी दुपारी मी चहा टाकला होता. आणि शिट्टी वाजली. एकदा.

एकदा म्हणजे आमचा चहा. मी विचारच केला नाही. सवयीने कपात ओतला, बशी ठेवली आणि कमानीशी गेले. विटांच्या रचलेल्या ढिगावर अक्का बसल्या होत्या. खुंटीवरची शिट्टी त्यांच्या हातात होती आणि डोळे भरलेले होते.

"चुकून वाजली," त्या म्हणाल्या.

मी कप त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या शेजारी विटांवर टेकले. अर्धा चहा त्या बशीतून प्यायल्या, उरलेला कप मला दिला. पलीकडून त्यांच्या घराचा वारा येत होता आणि अलीकडून आमच्या.

हे सोप्यातून आत आले. आम्हाला बघून थांबले. गळा त्यांचा कधीपासून मोकळाच होता, तरी हात तिकडे गेला.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही दोघी भिंतीत बसल्या आहात."

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. बोलायची कमी असलेली बाई, पण आवाज स्पष्ट आला.

"मला तर काय लागंना भिंत," त्या म्हणाल्या.

ह्यांनी मग डोळे पुसले, चपला घातल्या आणि सोमवारी येऊ नको म्हणून ईश्वराला सांगायला गेले. जाताना वाटेत भावजींनाही सांगायचं होतं. त्यासाठी मात्र ते दारातून बाहेर पडून, वळसा घालूनच गेले.